दोऱ्याने ओढलेली रेघ

दादा आला तेव्हा बाइंडरबाई खळ शिजवत होती. पुस्तकं चिकटवायची ही खळ क्षणभर नजर हटली तरी तळाला लागते, म्हणून तिने मागे न बघताच त्याला स्टुलावर बसायला सांगितलं.

तिला सगळी गल्ली बाइंडरबाईच म्हणायची. चाळीस वर्षं फाटक्या पुस्तकांना पाठ आणि पुठ्ठा देण्यात गेली होती. अंगाने काटकुळी, केस कानापर्यंत कापलेले, आणि तोंड असं फटकळ की घाई करायची गिऱ्हाइकाची छाती होत नसे. एका थोरल्या भावापुढे, दादापुढेच तेवढी ती लहानपणापासून गप्प राहायची.

दादाने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं बायबल काढून टेबलावर ठेवलं. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांनी जन्मभर ज्या चर्चमध्ये प्रवचनं दिली, तिथे त्यांच्या आठवणीसाठी हे काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. नवा पुठ्ठा घाल, वर सोनेरी अक्षरांत बाबांचं नाव टाक, आणि आत कडेला काय काय गिरगटलंय ते पुसून साफ कर, असं त्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी न्यायला येणार होता.

"हे आईचं आहे," बाई म्हणाली. "तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं."

"घर तर बाबांचंच होतं ना," दादा म्हणाला आणि निघून गेला.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईच्या आठवणीतली आई म्हणजे कमरेपर्यंत पांढरी वेणी, हातात पेन्सिलीचा तुकडा, आणि तोंडातून चकार शब्द नाही. दूध तापेपर्यंत ती शेगडीजवळ उभ्या उभ्या बायबल वाचायची, आवडलेल्या ओळीखाली रेघ ओढायची आणि कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहायची. बाबांना ते खपत नसे. देवाच्या शब्दाशेजारी बाईमाणसाचे शब्द कशाला, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी जेवण झालं की बरोबर तीन वाजता ते तोंडात लवंग धरून खुर्चीत बसायचे, खिशातला रबर काढायचे आणि आठवड्याभराच्या रेघा पुसायचे. खस्, खस्, खस्. मग पानावर एक फुंकर. आणि मग झोप. सोमवारी आई पुन्हा पेन्सिल घ्यायची. दोघांनी या विषयावर एकमेकांशी कधी ब्रसुद्धा काढला नाही.

बाईने पहिलं पान उघडून दिव्याखाली तिरकं धरलं. पुसलेल्या पेन्सिलीचा रंग जातो, पण दाब जात नाही. कागदात खळगी राहते. पानामागून पान रेघा उमटू लागल्या. 'हे मला पटत नाही.' 'हे त्यांना वाचून दाखवायला हवं.' एके ठिकाणी आईने शाईने लिहायचा प्रयत्न केला होता, तिथे बाबांनी ब्लेडने खरवडून भोक पाडलं होतं. बाईला हसूही आलं आणि रडूही आलं.

आणि मग मुलांना वळण लावण्याबद्दलचं पान आलं. त्याची कड इतक्या वेळा पुसली होती की तिच्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. बाईने ते पान आणखी तिरकं केलं.

'आज पोरीचं नाव शाळेतून काढलं. असं इथे कुठे लिहिलंय?'

चौदाव्या वर्षी बाबांनी तिला शाळेतून काढून बाइंडरच्या हाताखाली घातलं होतं. दादा मात्र पुढे शिकला. त्या दिवशी आई दारात उभी होती आणि काही बोलली नव्हती. हे बाईने चाळीस वर्षं मनात धरलं होतं. आईच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा ती तिच्याशी कोरडंच वागली. आणि आई इथे बोलत होती, पुन्हा पुन्हा बोलत होती, आणि दर रविवारी कोणीतरी तिचं तोंड पुसत होतं.

बाईने पेन्सिलीला टोक काढलं, खळग्यांवरून एकेक अक्षर गिरवलं, आणि बायबल शिकंज्यात घालून चाक घट्ट आवळलं. या लोखंडी दाबाखाली गेलेलं पुस्तक चाक सोडल्याशिवाय कोणालाही उघडता येत नाही.

रविवार आला. दुपारचं लख्ख ऊन खिडकीत होतं. बाई मोरीत हात धूत होती, तेवढ्यात आवाज आला.

खस्... खस्... खस्...

आधी तिला वाटलं, उंदीर असेल. मग लवंगेचा वास आला. हात तसेच ओले ठेवून ती बाहेर आली. खोलीत कोणी नव्हतं. आवाज शिकंज्यातून येत होता, आवळलेल्या पानांच्या आतून. ती जवळ गेली तसा तो थांबला, आणि तिच्या ओल्या मनगटावर फुंकर आली... फू...

चाक फिरवायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. पान उघडलं तर कड कोरी होती, आणि शिवणीच्या खाचेत रबराचा ताजा, मऊ भुगा पडला होता.

ती स्टुलावर बसली. भीती होतीच, पण तिच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. तो संताप होता. मेल्यावरसुद्धा? एवढ्या लांब जाऊनसुद्धा तुम्हाला हेच एक काम उरलं?

पुन्हा पेन्सिलीने लिहून उपयोग नव्हता. शाई त्या पातळ कागदाच्या पाठीला फुटली असती, आणि ब्लेडचं भोक समोरच होतं. मग तिची नजर भिंतीवरच्या दोऱ्याच्या रिळांवर गेली, आणि ती मोठ्याने हसली. ज्या धंद्याला तुम्ही मला लावलंत बाबा, त्याच धंद्याने तुम्हाला पुरून उरते, थांबा.

तिने पानाच्या पाठीला तलम कागद चिकटवून त्याला बळ दिलं. सर्वांत बारीक सुई आणि लाल रेशीम घेऊन आईची ती ओळ तिने खळग्याखळग्यातून शिवायला घेतली. दिवसाला दीड शब्द व्हायचा. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. गिऱ्हाइकं परत गेली. शनिवारी संध्याकाळी शेवटचं अक्षर झालं, आणि त्याच्या शेजारच्या छापील वचनाखाली तिने एक सरळ लाल रेघही शिवली, अगदी आई ओढायची तशी. सुई टेबलावर ठेवून ती झोपायला गेली. सकाळी नवा पुठ्ठा चढवायला आली तर सुई सापडेना. बाईने ती फारशी शोधलीही नाही.

रविवारी तीन वाजता ती बायबल उघडं ठेवून समोर बसली. दोन्ही तळवे पानाच्या दोन कडांवर.

लवंगेचा वास आला. समोरची रिकामी खुर्ची करकरली.

खस्...

दोरा हलला. लाल अक्षरांवरून काहीतरी फिरत होतं, दाब देऊन, सावकाश. दोरा पिंजारला, पण तुटला नाही. खस्खस् वाढली, तळव्यांखाली कागद थरथरू लागला, टेबलाचा पाय जमिनीवर वाजायला लागला.

"बाबा," बाई म्हणाली. "तेव्हा मी गप्प बसले... आई गप्प बसली असंही मला वाटत होतं. आता मी हात काढणार नाही."

"पूस..." कानाशी कोणीतरी म्हणालं.

"नाही पुसणार."

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नाही. मग खस्खस् मंदावली आणि थांबली. फुंकर आली नाही. टेबलाच्या कडेवरून रबराचा एक झिजलेला तुकडा खाली पडला आणि घरंगळत खुर्चीखाली गेला.

पाच वाजता दादा आला. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत आईचं नाव बघून त्याचं कपाळ आठ्यांनी भरलं. हे काय भलतंच, लोकांना काय सांगू, असं तो बोलत होता. बाईने काही न म्हणता ते पान त्याच्यापुढे उघडलं. ती ओळ त्याने दोनदा वाचली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यापुढे गप्प झाला.

"काचेच्या कपाटात जाईल तर असंच जाईल," बाई म्हणाली. "नाहीतर माझ्याकडे राहील."

"तुझ्याकडेच राहू दे," दादा हळूच म्हणाला. मान खाली घालून तो पानं उलटत शेवटाला आला. तिथे एक कोरं पान होतं. "आणि हे? हे वेगळ्या दोऱ्याने का शिवलंस?"

बाईने वाकून बघितलं. कोऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ शिवलेली होती. हरवलेली सुई अजून तिला लटकत होती. दोरा पांढरा होता, आणि तो दोरा नव्हता. तो एक लांबच लांब केस होता.

'रेशीम जपून ठेव, पोरी. ते पुन्हा येतील.'

दादाने घाबरून हात मागे घेतला. बाईने मात्र सुईला बोट लावून बघितलं. ती गरम होती, आत्ता कोणाच्या तरी बोटांतून सुटल्यासारखी.

पुढच्या शनिवारी दुकान बंद करताना बाईने दोन सुयांमध्ये लाल रेशीम ओवलं, आणि टेबलाच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या मांडल्या.