उडालेला रंग

पडदा पहिल्यांदा पडला तो थेट ताईच्या कपावर.

चाकांवरचं ते घर दारात येऊन जेमतेम तास झाला होता. भाऊजी त्याला ऐटीत कॅम्पर म्हणत, ताई खोकं म्हणे. गाडी जागची हललीही नव्हती, तरी ताईने टेबलाच्या बाकावर बैठक मारून चहा मागवला होता आणि खिडकीतून समोरच्या घराची भिंत अशा कौतुकाने बघत होती, जशी काही ती पहिल्यांदाच दिसत होती. तेवढ्यात वरचा पडदा सरसर खाली आला, त्याच्या तळाच्या पट्टीने कप आडवा केला आणि सगळा चहा भाऊजींच्या नव्या पँटवर गेला.

"चला, मुहूर्त झाला," ताई म्हणाली.

दुरुस्तीचं काम ओघानेच चिमीकडे आलं. चिमी ही ताईची धाकटी बहीण, भाऊजींची मेहुणी. पंचेचाळिशीला आली तरी घरात ती चिमीच. एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि कापडाचा रंग उजेडात किती टिकतो ते तपासायचं, हे तिचं काम. तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून प्रखर दिव्याखाली ठेवायचा. मग झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक करड्या पट्ट्यांच्या छोट्या कार्डाशी ताडून बघायचा. ते कार्ड कायम तिच्या पर्समध्ये असे. ती लोकांच्या शर्टांकडेसुद्धा त्याच नजरेने बघते, अशी भाऊजींची तक्रार होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मात्र ती छातीठोकपणे सांगू शकत होती: उडालेला रंग परत येत नाही.

ताईच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी जवळपास हेच सांगितलं होतं. तिची नजर कडांकडून विझत चालली होती. कागदाच्या नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसे, आणि ती नळीही दिवसेंदिवस बारीक होत होती. गेलं ते गेलं. उरलेलं थंडी संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. म्हणून तर ही गाडी घेतली होती. या दिवसांत खाऱ्या तळ्यावर हजारो गुलाबी पक्षी उतरतात. ते सगळे एकदम उडताना बघायचे, हे ताईच्या मनात शाळेत असल्यापासून होतं. भाऊजी मधूनच तिच्या कानाशेजारी हात धरून किती बोटं ते विचारत. ताई दर वेळी 'पाच' म्हणे. कधीतरी बरोबर येईलच, असा तिचा हिशेब होता.

चिमीने पडदा चौकटीसकट उतरवून टेबलावर आडवा घातला. बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या चुण्या, त्यांतून ओवलेल्या दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना कानातल्या बाळीएवढ्या स्प्रिंगा. दोऱ्या ताणलेल्या असल्या की पडदा नेऊ तिथे थांबतो, सैल पडल्या की घसरतो. अवघड असं काही नव्हतं. तिने नव्या दोऱ्या ओवल्या, गाठी आवळल्या आणि पडदा पालथा केला.

काचेकडच्या बाजूचा निळा रंग उन्हाने पार उडून राखेसारखा झाला होता. मधोमध मात्र तो शाबूत होता. वर एक लांबट गोल, त्याखाली दोन्हीकडे उतरत गेलेलं रुंद काहीतरी.

चिमी हरखून गेली. इतका स्वच्छ नमुना प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित मिळतो. गाडी वर्षानुवर्षं कशाच्या तरी आडोशाला उभी असणार, पाटी ठोकलेला खांब, पाण्याची टाकी, असलंच काही. कडा पुसट होत्या, म्हणजे ते काचेपासून बरंच लांब असणार. आड येणारी वस्तू कापडाला खेटून असली की कड सुरीने कापल्यासारखी उमटते. वस्तू लांब जाईल तशी कड विरत जाते. भाऊजींना हे सगळं समजावताना तिने त्यांना बाकाच्या पाठीची शिवणही उसवून दाखवली. बाकाचं कापड उन्हाने वाळक्या गवताच्या रंगाचं झालं होतं; शिवणीच्या आत मात्र ते अजून गर्द हिरवं होतं.

"शास्त्रज्ञबाई," भाऊजी म्हणाले, "माझी एक पँट गेलीय. पडदा वर राहिला म्हणजे मिळवली."

गाडी विकणाऱ्या बाईंनी किल्ली देताना एवढंच सांगितलं होतं, की टेबलाकडचा पडदा खालीच असू द्या, ऊन फार येतं. चिमीला ते आत्ता आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते निघाले. पुढच्या काचेतून येणारी तिरीप डोळ्यांना सोसत नसल्यामुळे ताई मागे टेबलाशी बसली आणि तिथूनच गाणी म्हणत राहिली. शब्द आठवले नाहीत की ती रस्त्यावर जे दिसेल ते चालीत बसवी. भाऊजी हॉर्नवर ठेका धरत. चिमीला हसून हसून ठसका लागला. तिघांनाही शाळेची सहल निघाल्यासारखं वाटत होतं.

डोंगराच्या वळणावर गाडी थांबली. खाली नदी चकाकत होती. ताई बघायला खिडकीकडे वाकली आणि पडदा तिच्या नाकासमोरून खाली आला.

चिमीने दोऱ्या बोटाने छेडून पाहिल्या. तारेसारख्या वाजत होत्या. पडदा पडायला काही कारणच नव्हतं.

मग तिने रीतसर सुरुवात केली. मागच्या पलंगाजवळच्या खिडकीचा पडदा कधी पडला नव्हता. त्याची मागची बाजू तिने निरखून घेतली; सगळीकडून सारखा उडालेला, राखी. तो तिने टेबलाजवळ बसवला आणि टेबलाजवळचा पलंगाकडे नेला. भाजी चिरून होईपर्यंत टेबलाकडचा पडला. खोडकर म्हणून मागे पाठवलेला मात्र संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखा वर होता. म्हणजे दोष पडद्यात नव्हता. मग खिडकीत असेल. दुसऱ्या दिवशी तिने ताईला मागच्या पलंगावर बसायला सांगितलं. टेबलाकडचा पडदा वरच राहिला. मागचा पडला.

चिमीला भलताच हुरूप आला. एका मोठ्या चाचणीचे निकाल पहिल्यांदा जुळले होते, त्या दिवशी तिला असंच झालं होतं. तिने ताईला परत टेबलाकडे बोलावलं, पुन्हा मागे पाठवलं. ताई बसेल तिथला पडदा थोड्या वेळाने खाली येत होता. चिमीने स्वतः बसून बघितलं, काही नाही. भाऊजी बसले, मान वेळावून खिडकीला डोळाही मारून झाला.

"माझ्याकडे ढुंकून बघत नाही," ते म्हणाले. "बायकोचाच चाहता दिसतोय."

ताई पोट धरून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "त्यालाही कळलंय गं. हिला दाखवून काय उपयोग."

भाऊजी उगाच गॅसची टाकी तपासायला खाली उतरले.

तळ्यावर हा पडदा वर राहीलच, हे चिमीने तेव्हा मनाशी पक्कं केलं. टेबलाजवळचा पडदा सोडवून तिने तो हातात घेतला आणि सहज उलटून पाहिला.

हा मागून आणलेला, सगळीकडून सारखा उडालेला पडदा होता. आता त्याच्या मधोमध निळा रंग होता. वर लांबट गोल, खाली उतरते खांदे.

खांदे हा शब्द तिच्या मनात आपणहून आला.

तिने कार्ड लावून पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं, बोट ओलं करून चोळून पाहिलं. वरून लावलेला रंग नव्हता. जो रंग उडून गेला होता तोच होता. आकार पहिल्यापेक्षा मोठा होता आणि कडा अगदी धारदार होत्या.

भाऊजी टाकीशी वाकले होते. तिने त्यांना पडदा दाखवला.

"आधीचा जो आडोसा होता ना, लांबचा," ती म्हणाली, "तो आता काचेला टेकलाय."

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं आणि मग गाडीच्या खिडकीकडे. खिडकीत ताई कंगवा घेऊन केस सोडवत होती. बाहेर मोकळं मैदान होतं, लांबवर एक झाड.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "आज तळं गाठायचंच आहे."

तिथूनही परत फिरता आलं असतं. पण पुढच्या वर्षी फिरून येऊ, असं ताईच्या डोळ्यांच्या बाबतीत म्हणता येत नव्हतं.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. राखणदाराने गाडी एका ठरावीक जागी लावून घेतली, तोंड झुडपांकडे आणि टेबलाची खिडकी पाण्याकडे. खाली कोणी उतरायचं नाही, असं त्याने बजावलं. माणूस दिसला की पक्षी दूर जातात. सूर्य पाण्याला टेकला की ते आपणहून उठतील, म्हणाला.

पाणी दिसतच नव्हतं. काठापासून पार पलीकडपर्यंत नुसता गुलाबी रंग होता आणि तो हलत होता.

"अहो, हे सगळे तेच?" ताईचा आवाज बारीक झाला होता. ती मान इकडून तिकडे वळवत होती, नळीतून तुकडा तुकडा गोळा करत होती. "चिमे, तो पडदा बघ हं. आज जर पडला तर..."

तो खाली यायला लागलाच होता.

चिमीने पट्टी वर रेटली. भाऊजींनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि तिने पट्टीतून आरपार चौकटीत स्क्रू पिळले, दोन्ही टोकांना एकेक. मग मधोमध आणखी एक.

पडदा थरथरला. दोऱ्या एका सुरात गुणगुणू लागल्या. भाऊजींनी हात काढून घेतले.

दोऱ्या थांबल्या.

त्याच क्षणी पक्षी उठले.

आधी आवाज आला, हजारो ओले पंख एकदम झटकल्यासारखा. मग तळंच्या तळं जमिनीवरून सुटलं. पंखांच्या आतला लाल रंग उलगडला, आणि गाडीत, टेबलावर, तिघांच्या तोंडांवर गुलाबी उजेड पडला. भाऊजी ओरडत होते. चिमीला आपण रडतोय हे हनुवटी ओली झाल्यावर कळलं.

ताई मान वळवत नव्हती.

ती समोर बघत होती, ताठ, आणि डाव्या हाताने खिडकीची डावी कड दाखवत होती. "तो एकटा मागे राहिलाय," ती म्हणाली. मग समोरची नजर न हलवता उजवा हात उचलला. "आणि ते तिघं तिकडे वळले. अहो, मला सगळं दिसतंय."

भाऊजींनी हात तिच्या कानाशेजारी धरला.

"दोन," ताई म्हणाली. "आणि अंगठ्याचं नख वाढलंय."

त्या संध्याकाळी त्या गाडीत जो गोंधळ झाला, तो राखणदारालाही ऐकू गेला असणार. भाऊजी नाचले. डोकं छताला आपटलं तरी नाचले. ताईने कपाटावरच्या डब्यांची नावं वाचली, भाऊजींच्या कानामागचा तीळ शोधून काढला, चिमीचे पांढरे केस एकेक करून दाखवले. चिमी तिला पुन्हा पुन्हा मिठी मारत होती. डॉक्टरांना काय सांगायचं, याच्या गोष्टी करता करता तिघं झोपली.

सकाळी चिमी सगळ्यांच्या आधी उठली. स्क्रू पिळलेला पडदा नीट बसलाय ना ते तिने पाहिलं आणि चुण्या बोटांनी विलग करून काचेकडची बाजू बघितली.

निळा रंग नव्हता. कापड सगळीकडून सारखं राखी होतं. तिने कार्ड लावलं. काही फरक नव्हता.

चला, गेलं एकदाचं, असं म्हणत ती वळली.

ऊन टेबलावरून बाकावर आलं होतं. बाकाची पाठ वाळक्या गवताच्या रंगाची होती. ताई बसायची त्या जागेच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला, कापड गर्द हिरवं झालं होतं. लांबट गोल, आणि खाली खांदे.

तिने पहिल्या दिवशी उसवलेली शिवण उलगडून आतला हिरवा त्याच्या शेजारी धरला. दोन्ही रंग तंतोतंत एक होते. कडेला कुठेही पुसटपणा नव्हता.

मागून ताई आली. केस मोकळे, तोंडभर हसू, हातात दोन कप. वाटेतली पायरी तिने न बघता ओलांडली. कित्येक वर्षांत ती अशी चालली नव्हती.

"तुझे भाऊजी घोरतायत," ती म्हणाली. "तू घे गरम गरम."

ती बाकावर बसली. रोजच्या जागेवर नाही. अलीकडे, अगदी कडेला, एक मांडी जवळपास बाहेर. खिडकी आणि ती यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती.

"ताई," चिमी म्हणाली, "पडशील. तिकडे सरक ना."

ताईने चहावर फुंकर घातली.

"इथे कुठे जागा आहे?" ती म्हणाली.

चिमी समोरच्या बाकावर बसली. तळ्यावर पक्षी परत उतरत होते आणि ताई ते मान न वळवता बघत होती. तो पडदा पुन्हा कधी पडला नाही.