चौथा बोल्ट

दुपारचे तीन वाजले होते. भुतांनीसुद्धा वामकुक्षी घ्यावी अशी वेळ. म्हणूनच मी बेसावध होतो.

काम साधं होतं. दादाच्या जुन्या मोटारीचं बॉनेट परत बसवायचं. बारा वर्षं ती शेडमध्ये पडून होती. पुतणीने इंजिन दुरुस्त करून घेतलं, रंग दिला, आणि चार वाजता ती स्वतः गाडी घेऊन निघणार होती.

"भावजी, बोल्ट तुम्हीच आवळा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्यासारखा निष्काळजीपणा नको."

बारा वर्षांपूर्वी उतारावर हेच बॉनेट उघडून काचेवर आदळलं आणि दादा गेला. बोल्ट ढिले राहिले होते. वहिनींचा राग अजून उतरलेला नाही. भिंतीवरच्या फोटोशीसुद्धा त्या धड बोलत नाहीत.

दादाची पद्धत ठरलेली. चारही बोल्ट आधी दोन-दोन आटे फिरवायचे, दोन्हीकडची फट सारखी करायची, मगच आवळायचे. तीन बसले. चौथ्याचं भोक मात्र अर्धं बिजागरीआड. बॉनेट खांद्यावर, बोल्ट चिमटीत, घाम डोळ्यांत. मी त्या भोकाचा, बिजागरीचा आणि मोटार बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एकदम खांदा हलका झाला. पलीकडून कुणीतरी बॉनेट उचलून धरलं. भोक जुळलं.

"बरं झालं आलात, वहिनी."

पलीकडे कुणीच दिसेना. नुसता ग्रीस आणि रॉकेलचा वास... दादाच्या हातांना यायचा तो.

मी घाईघाईने चारही बोल्ट आवळले.

"आवळलास?"

"हो," तोंडून निघून गेलं.

बोट लावलं, तर पहिला बोल्ट गरगर फिरला. चारही ढिले. पुन्हा आवळले.

"आवळलास?"

"हो रे..."

पुन्हा ढिले. आता बॉनेट खांद्यावर दाबलं जाऊ लागलं. हाड करकरलं.

"आवळलास?"

"नाही!" मी ओरडलो. "तेव्हा नव्हते आवळले! चारचौघांत मला कारकुंडा म्हणालास. मी पाना ठेवून दिला, आणि तू विचारलंस तेव्हा हो म्हणालो. कचेरीत न वाचता 'तपासले' लिहायचो, तसंच! तू गेल्यावर खापरही तुझ्यावरच फोडलं!"

ओझं उतरलं. मी वळून पाहिलं. दारात वहिनी उभ्या होत्या.

"बारा वर्षं..." त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतेय."

त्यांनी माझ्या हातातला पाना हिसकावला आणि चारही बोल्ट स्वतः आवळले. एकही हलला नाही. चार वाजता पुतणी निघाली, सुखरूप पोहोचली.

"ह्या घरात पुन्हा पाऊल टाकू नका," एवढंच वहिनी मला म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्याकडे काही घट्ट राहत नाही. चष्म्याचा स्क्रू, दाराची कडी, पलंगाचे पाय. सकाळी उठताना गुडघे कटकट वाजतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. झालं असेल.

पण काल आरशासमोर मान वाकवली, तर मानेच्या मणक्यावर गार लोखंड टेकलं. पान्याचं तोंड. मोठं होतं, बसलं नाही.

मग कुणीतरी एक माप लहान लावून बघितलं...