कप्पा नंबर चारशे बारा

विश्वास ठेवा म्हणून मी तुम्हाला गळ घालणार नाही. माझ्या आत्यानेही मला घातली नव्हती. तिने फक्त घडलं ते सांगितलं. आणि ती बाई आयुष्यात कधी तिखटमीठ लावून बोललेली नाही.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. रात्र वगैरे काही नाही. भर दुपारी तीनचा सुमार.

जागा म्हणजे अँब्युलन्स हवी असली की लोक जिथे फोन करतात, त्या ऑफिसचं तळघर. वर फोन घेतात. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि खाली टेपवर जाऊन बसतो. जुन्या कॅसेटमध्ये असायची तशीच टेप, फक्त तळहाताएवढ्या एका डबीत लाखो फोन मावतात. त्यासाठी खोलीएवढं लोखंडी कपाट, हजारभर कप्पे, आणि आत रुळावर धावणारा एक यांत्रिक हात. नंबर दिला की हात टेप काढतो, वाचणाऱ्या यंत्रात सरकवतो. खट्... मग टेप फिरल्याची सरसर.

आत्या तिथे सव्वीस वर्षं होती. रिटायर व्हायला चार महिने उरलेले. जुन्या टेपांवरचं सगळं नव्या टेपांवर उतरवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. दिवसाला आठ टेपा. गुडघ्यांनी कधीच राम म्हटलेला. घरी गेली की चप्पल काढायचंही तिच्या जिवावर यायचं.

त्या दिवशी आठही टेपा उरकल्या होत्या. डबा धुवून ती खुर्चीत टेकली.

आणि कपाटातला हात हलला...

कुणी नंबर दिला नव्हता. तो आपला आपण सरकत खालच्या ओळीत गेला. कप्पा चारशे बारासमोर थांबला.

तो कप्पा बारा वर्षं रिकामा होता. आणि का रिकामा होता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हात आत गेला. बाहेर आला. काचेतून तिला स्वच्छ दिसलं... चिमट्यात काहीच नव्हतं.

तरी तो यंत्रापाशी गेला.

खट्...

आणि सरसर सुरू झाली.

बारा वर्षांपूर्वीही असंच काम निघालं होतं. नियम असा, की नवी टेप भरली की ती अख्खी वाचून बघायची. मगच जुनी नष्ट करायला पाठवायची. वाचायला चार तास लागतात. त्या आठवड्यात आत्याच्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या. रात्रीची जाग, दिवसाची ड्युटी. तिने एका टेपेपुढे 'तपासली' लिहिलं, सही केली आणि हॉस्पिटल गाठलं.

जुनी टेप यंत्रात घालून तिचा भुगा केला गेला.

नवी कोरी निघाली, आणि तिचा चारशे बारा नंबरचा कप्पा रिकामा राहिला.

पाच महिन्यांनी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात अर्ज. त्यांच्या मुलीने शेवटचा फोन या ऑफिसला केला होता. तारीख नेमकी त्या टेपेवरची.

"बाकी काही नको, मॅडम," ते म्हणाले. "ती घाबरली होती का, आणि कुणी तिच्याशी नीट बोललं का, एवढंच ऐकायचंय."

"सापडत नाहीये," आत्या म्हणाली. "शोधतेय मी."

खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे. तीन वर्षं. मग यायचे बंद झाले.

आता स्क्रीनवर एक फाईल उघडली होती. नाव म्हणून तीच तारीख, तीच वेळ.

रजिस्टरप्रमाणे तो फोन एक मिनिट बावन्न सेकंदांनी तुटला होता.

फाईल एकेचाळीस मिनिटांची होती...

आत्याने हेडफोन लावले.

आधी नुसता श्वास. मग मुलीचा आवाज. "हॅलो... आमची गाडी घसरलीय. मला पाय हलवता येत नाहीये."

यानंतर वरची फोनवाली बाई एक ठरलेलं वाक्य बोलते. तुम्ही कुठे आहात? आत्याने ते हजार वेळा ऐकलं होतं.

ते आलंच नाही.

शांतता...

मग पुरुषाचा आवाज. सावकाश.

"ऐकतोय मी, बाळा. बोल."

हा आवाज आत्याने तीन वर्षं, दर पहिल्या सोमवारी ऐकला होता.

"बाबा? तुम्ही कसे काय?"

"लाईन लागली बघ एकदाची."

दोघं बोलत राहिली. मध्येच मुलगी थांबली.

"बाबा, लाईनवर अजून कुणीतरी आहे..."

आत्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुना अर्ज काढून त्यावरचा नंबर लावला. त्या गृहस्थांच्या बायकोने उचलला.

"ते गेले. दोन वर्षं झाली."

आत्याने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचं हॉस्पिटल. न तपासता केलेली सही. तीन वर्षं मारलेल्या थापा. ऐकून घेऊन बाईंनी एवढंच विचारलं,

"तुमच्या सासूबाई वाचल्या का?"

"नाही."

"हं."

"ताई, रेकॉर्डिंग मिळालंय. ऐकायचंय का तुम्हाला? त्यात... तुमचे मिस्टरही बोलतायत."

बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "शेवटी शेवटी ते बंद फोन कानाला लावून बसायचे. जेवायला हाक मारली की हात करायचे, थांब म्हणून. बोलत असतील तर बोलू द्या. मला आता मध्ये पडायची ताकद नाही."

फोन ठेवला गेला.

दुपारी इंजिनियर आला. कप्पा उघडला, रिकामा. वाचणारं यंत्र उघडलं, तेही रिकामं.

"सिस्टिमची गडबड आहे. उडवून टाकतो ही फाईल." त्याने दोनतीनदा बटण दाबलं. मग खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, उडत नाहीये. वापरात आहे म्हणते."

"कोण वापरतंय?"

"ते दिसत नाही. पण फाईल बंदच झालेली नाही. कालपासून वाढतेय."

तोवर ती बावीस तासांची झाली होती.

आत्याने वर रिपोर्ट दिला, जुन्या सहीसकट. साहेबांनी वाचला आणि दप्तरी लावून ठेवला. रिटायरमेंट चार महिन्यांवर आलेल्या बाईला कोण काय बोलणार. शेवटच्या दिवशीही वाढत असलेल्या त्या फाईलपुढे तिने 'ठेवण्याची मुदत' या रकान्यात 'कायम' असं भरलं आणि किल्ल्या दिल्या.

मी तिला म्हणालो, "आत्या, बापलेक भेटले एकदाचे. चांगलंच झालं की."

ती गुडघ्याला तेल चोळत राहिली.

"आमच्याकडे फोन कधी ठेवतात, माहितेय तुला?"

"कधी?"

"अँब्युलन्स पोचली की."