एक बोलायला, दोन मरायला

आमची पहिली भेट झाली तेव्हा ते मेलेले होते.

जिन्यावर डोकं खाली, पाय वर, छातीवर लाल डाग. मी स्टुडिओच्या शिवणखोलीत नवीनच लागले होते. मला पाठवलं, प्रेताची कॉलर उलटी झालीय, कॅमेरा सुरू व्हायच्या आत नीट करून ये म्हणून. मी वाकले, कॉलरला हात घातला, आणि प्रेत ओठ न हलवता म्हणालं,

"बाई... डाव्या कानात मुंगी शिरतेय."

दुसरी एखादी किंचाळली असती. मी म्हटलं, "मेलेल्याला मुंग्या लागायच्याच."

"हसवू नका. हललो तर ताई खरंच मारेल."

मी दोऱ्याच्या टोकाने मुंगी अलगद उचलली. डोळे मिटलेलेच होते, पण पापण्या हसत होत्या. मेलेल्या माणसाने इतकं गोड दिसू नये.

दिग्दर्शक म्हणजे त्यांची थोरली बहीण. सगळा स्टुडिओ तिला ताई म्हणायचा आणि यांना धाकटे. ताईंच्या पहिल्याच सिनेमात धाकटे हीरोचा मित्र होऊन मेले आणि सिनेमा धो धो चालला. झालं, ताईंच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पुढे त्यांनी सख्ख्या भावाला कधी हवालदार करून मारलं, कधी डॉक्टर, कधी हीरॉइनचा भाऊ. मारलं मात्र दर वेळी, आणि तेही मध्यंतराच्या आत.

म्हणून बाकीच्यांचा सदरा एक शिवायचा, धाकट्यांचे एकासारखे एक तीन. एक बोलायला, एक मरायला, आणि ते मरण ताईंना पटलं नाही तर पुन्हा मरायला.

मापाला आले की ते हात पसरून उभे राहायचे आणि मी खडूने गोळीची जागा आखायची.

"या वेळी कुठे?"

"खिशाखाली."

"म्हणजे काळजात."

"मला खिसा कळतो. काळजाची मापं मी घेत नाही."

"घेऊन तर बघा... हल्ली घट्ट व्हायला लागलंय."

टेप हातातून निसटली. उचलायला वाकले ती जरा वेळ लावूनच उठले. तोंड लाल झालेलं गिऱ्हाइकाला दाखवू नये.

माझी जीभ बघून त्यांनी माझं नाव सुई ठेवलं होतं. मला ते आवडायचं, पण मी कधी तसं दाखवलं नाही.

आणि एक दिवस मेकअपदादा सांगत आले, परगावच्या एका कंपनीने धाकट्यांना मोठं काम देऊ केलंय. शेवटच्या रिळापर्यंत जिवंत. तिकडे गेले की परत कशाला येतायत. मी म्हटलं, बरं झालं, एका माणसाचे तीन-तीन सदरे वाचले. म्हटलं खरं... पण त्या दिवशी माझा टाका वाकडा गेला. माझा टाका! तेव्हा कळलं मला, आपल्याला काय झालंय ते.

त्याच आठवड्यात धाकटे शिवणखोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"सुई, एक विचारू? तुमच्यासारखीने माझ्यासारख्याशी... म्हणजे, संसार वगैरे..."

हा जायचा आहे आणि वर विचारतोय. मला राग आला.

"मला नवरा हवाय तो संध्याकाळी घरी येणारा. तुम्ही मध्यंतराच्या पुढे टिकत नाही."

नेहमी हसायचे, तसे हसले नाहीत. "खरंय," एवढंच म्हणाले आणि गेले.

दोनच दिवसांनी ताईंचा निरोप आला. नव्या सिनेमात धाकट्यांचा सदरा एकच शिव.

एकच. म्हणजे मरायचं नाही. मरायचं नाही म्हणजे कामच नाही. एकदा तोंड दाखवायचं आणि चालू पडायचं. इतकी वर्षं शिवणखोलीत त्याचा दुसरा अर्थ कधी झालाच नव्हता. विचारायला कुणाकडे गेले नाही. मी कुणाच्या दारात उत्तरं मागायला जात नसते. पण तो सदरा मी असा शिवला की बस. बटणं दुहेरी दोऱ्याने लावली. परगावी तुटलं तर कोण लावून देणार?

धाकट्यांनी सदरा अंगावर घातला, आरशात पाहिलं.

"एकच?"

"ताई म्हणाल्या तसं."

"का ते विचारलं नाहीत?"

"मला काय करायचंय."

"शेवटच्या दिवशी सेटवर या, सुई. याल ना?"

"कामाला असेन तर येईनच."

शेवटच्या दिवशी नळीचा पाऊस लावला होता. वरून पाणी, खाली चिखल, बाजूला मी टॉवेल घेऊन उभी. सिनेमा संपत आलेला. हीरो-हीरॉइन खिडकीशी... आणि बाहेरून पावसातून कुणीतरी चालत येतंय. धाकटे. माझा सदरा अंगाला चिकटलेला, छाती कोरी. दार उघडून ते आत आले आणि म्हणाले, "आलो गं घरी."

समोर तर कुणीच नव्हतं त्या दाराशी. समोर फक्त कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या मागे मी.

ताई माझ्याकडे न बघताच बोलल्या, "माझ्या पाया पडला हा. म्हणाला, ताई, या वेळी मारू नकोस, एकीला घरी येणारा नवरा हवाय. परगावच्यांनाही नाही म्हणून कळवलंय. सिनेमा आपटला तर खापर तुझ्या डोक्यावर फोडीन, लक्षात ठेव."

धाकटे निथळत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. टॉवेल मी दिला नाही, स्वतःच त्यांचं डोकं पुसायला लागले.

"एकच सदरा होता, तोही भिजला. आता?"

"वाळेपर्यंत बसा माझ्या खोलीत."

"वाळलाच नाही तर?"

"तर दुसरा शिवीन. पण बोलायचाच शिवीन. मरायचा सदरा आजपासून माझ्या हातून व्हायचा नाही."

त्यांनी टॉवेलाखालूनच माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

सिनेमा साफ आपटला. वन्संनी, म्हणजे ताईंनी, खापर माझ्यावर वाजतगाजत फोडलं आणि पुढच्या सिनेमात भावाला पुन्हा मारायला काढलं. मी भोकाचा सदरा शिवणार नाही म्हटल्यावर त्यांनी विष घातलं. त्यानंतर कधी ताप, कधी बुडणं, कधी झोपेतच. पण सदरा एकच, कोरा. नणंद-भावजयीचं आमचं तेवढ्यावर मिटलं.

आता हे मरत नाहीत, सिनेमे थांबले. दुपारी जेवून खुर्चीत डोळे मिटून पडतात. कधी कधी फारच निश्चल. मग हातातलं टाकून मी जवळ जाते, वाकते, कॉलर नीट केल्यासारखं करते...

पापण्या हसतात.

"सुई," डोळे न उघडता म्हणतात, "डाव्या कानात."