पाम्पेरो हळू चालतो

"आज पाऊस पडणार नाही," शाळेच्या पायरीवर उभा असलेला माणूस म्हणाला, आणि त्याच्या नाकावर पहिला थेंब पडला.

लिओनोरनं छत्री उघडली.

"कशावरून म्हणता?"

"मी हवामान खात्यात आहे."

"तरीच," ती म्हणाली, आणि छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता, सकाळचे पावणेसात. मोंतेविदेओत मतदान आठला सुरू होतं आणि मतदानाच्या टेबलावर कुणी बसायचं ते सरकार सोडत काढून ठरवतं. सोडतीत नाव निघालेल्या सरकारी नोकरानं बिनबोभाट जाऊन बसायचं. बदल्यात पाच दिवसांची रजा मिळते, त्यामुळे देशात लोकशाहीवर खरं प्रेम कुणाचं असेल तर ते कारकुनांचं. लिओनोर बिदेगाइन पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. पाण्याचा वास घेऊन तो कागदावर लिहायचा, हे तिचं काम. वय चौतीस. काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून पायरीवर भिजणाऱ्या त्या माणसाचं नाव आन्सेल्मो तेचेरा. वय चाळिसाच्या आसपास, भुवया जाड, आणि चुकीचा अंदाज सांगताना आवाज विलक्षण शांत.

टेबलाच्या अध्यक्ष सुल्माबाई आधीच तिसरीच्या वर्गात येऊन बसल्या होत्या. पोस्टातून येत्या वर्षी निवृत्त होणाऱ्या, आणि ते न विसरणाऱ्या.

"बसा पोरांनो. नियम एकच. या टेबलावर राजकारण बोलायचं नाही. कायदा आहे आणि माझं ब्लडप्रेशर आहे." मग चष्म्यावरून लिओनोरकडे पाहिलं. "बाई, रेनकोटच्या खिशातून काय डोकावतंय तुझ्या?"

ती 'हो'ची चिठ्ठी होती. निवडणुकीबरोबर त्या दिवशी एक कौलही होता, निवृत्तीचं वय पासष्टवरून साठ करावं का, असा. करावं असं वाटणाऱ्यानं 'हो' छापलेली चिठ्ठी पाकिटात घालायची. 'नाही'ची चिठ्ठी मुळात छापतच नाहीत. नाही म्हणायचं असेल तर गप्प राहायचं, तेवढं पुरतं. लिओनोरच्या सगळ्या खिशांतून महिनाभर या चिठ्ठ्याच निघत होत्या. तिनं ती आत ढकलली.

"साठवाल्या," आन्सेल्मो हळूच म्हणाला.

"राजकारण बंद आहे."

"मी आकडा म्हणालो फक्त."

लहान मुलांच्या खुर्च्यांवर तिघं गुडघे वर करून बसले. मतदार आला की आन्सेल्मोनं यादीत नंबर शोधायचा, लिओनोरनं वहीत उतरवायचा, सुल्माबाईंनी पाकिटावर सही करायची. आन्सेल्मो नंबर असे वाचायचा, जणू उद्याचं तापमान सांगतोय. मध्ये माणसं नसली की 'माते' या कडवट हिरव्या चहाचा पेला भरायचा आणि पुढे करायचा. एकच पेला, एकच नळी, आळीपाळीनं. त्यात काही नवल नव्हतं, सगळा देश तसाच पितो. पण दहाच्या सुमारास लिओनोरच्या लक्षात आलं की पेला सुल्माबाईंकडे जाताना गार झालेला असतो आणि आपल्याकडे येताना ताजा.

बाहेर पाऊस चांगला लागला होता. पाऊस म्हटल्यावर शाळेच्या पालकांनी दारात कढई चढवलीच, आणि तोर्तांचा, म्हणजे साखर पेरलेल्या जाड पुऱ्यांचा, वास थेट मतपेटीपर्यंत आला.

"तुमचा पाऊस छान पडतोय," लिओनोर म्हणाली.

"तो माझा नाही. माझा बुधवारी आहे."

ती हसली, आणि लगेच तिला बॅरोमीटर आठवला.

बॅरोमीटर हा माणूस होता, एवढं तिला खात्रीनं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या भागातल्या वॉल्टर नावाच्या सुताराचा कुत्रा पळाला. 'पाम्पेरोला शोधू या' असा ग्रुप निघाला आणि एकशे चौदा माणसं त्यात शिरली. कुत्रा दोन दिवसांत सापडला. ग्रुप मात्र कुणी सोडला नाही, कारण तोवर कुणीतरी बसच्या भाड्याबद्दल लिहिलं होतं. तेव्हापासून तिथं कर, शाळा, कालवे, तुरुंग, सगळ्यांवर भांडण चालायचं. ग्रुपचं चित्र मात्र पाम्पेरोचंच राहिलं : एक कान तपकिरी, एक पांढरा, चेहऱ्यावर कोणत्याही पक्षाबद्दल आदर नाही.

लिओनोर तिथं 'तिसरा मजला' नावानं होती. खिडकीतून रस्ता दिसतो, कुत्र्यावर लक्ष ठेवीन, असं तिनं शिरताना लिहिलं होतं. 'बॅरोमीटर' हा तिचा कायमचा विरोधक. ती साठ म्हणाली की तो पासष्ट, ती अनुदान म्हणाली की तो हिशेब. रोज संध्याकाळी पावणेसातला ती घरी पोचायची, बूट काढायच्या आधी त्याचा मुद्दा खोडायची, आणि मग तिला भूक लागायची.

गुरुवारी त्यानं लिहिलं होतं : 'साठाव्या वर्षी घरी बसून लोक करणार काय?'

आणि तिनं लिहिलं : 'ज्याची घरी कुणी वाट बघत नाही, त्याला कचेरीच स्वर्ग वाटणार.'

एकवीस लोकांनी टाळ्या दिल्या. बॅरोमीटरनं वाचलं, आणि काहीच लिहिलं नाही. मग शुक्रवार उजाडला, आणि प्रचारबंदी लागली. वॉल्टरनं ग्रुपलाही ती लावली, वर जाहीर केलं : 'मी दमलो. सोमवारी सकाळी ग्रुप बंद करतोय. कुत्रा सापडून तीन वर्षं झाली.' तिच्याकडे बॅरोमीटरचा नंबर होता. खासगीत माफी मागायला तिनं अकरा वेळा सुरुवात केली आणि अकराही वेळा पुसली. चारचौघांत भांडलेल्या माणसाला एकांतात लिहायचं म्हणजे... ते भांडणापेक्षा फार पुढचं होतं. आता सोमवार सकाळपर्यंतच वेळ होता. त्यानंतर तो एक नंबर होऊन राहणार होता.

बारा वाजता सुल्माबाईंनी जेवणाचा विषय काढला. टेबलावरच्यांना घरून डबा यायचा रिवाज.

"माझी मुलगी आणतेय. तुझं काय रे हवामान? घरून कोण येणार?"

"कुणी नाही," आन्सेल्मो यादी सरळ करत म्हणाला. "माझी घरी कुणी वाट बघत नाही. गुरुवारी एका बाईंनी ते एकशे बारा लोकांसमोर जाहीरही केलंय."

लिओनोरनं आत्ताच उतरवलेला नंबर पुन्हा एकदा उतरवला. मग तो खोडला.

"कसली मेली बाई ती," सुल्माबाई म्हणाल्या.

"नाही हो. हुशार आहे. ती बहुतेक वेळा चुकते, पण चुकते फार सुरेख. पहिल्यांदाच बरोबर बोलली, म्हणून लागलं."

लिओनोरच्या कानांना चटका बसल्यासारखं झालं. मतदार नव्हते. खिडकीवर चिकटवलेले कागद पावसाळी वाऱ्यानं फडफडत होते.

"मग... तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत?" तिनं विचारलं.

"काय देणार? मी बेकरीतून अर्धा पाव घेतो, हे मीच एकदा महागाईच्या मुद्द्यावर लिहिलं होतं. तिनं लक्षात ठेवलं." त्यानं पेला भरला. "खरं सांगू? पावणेसात वाजले की मी फोन उलटा करून ठेवतो, म्हणजे वाट बघतोय असं वाटू नये. मग पुन्हा सुलटा करतो."

"त्या बाईंना वाईट वाटत असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज."

"अंदाजांचं मला सांगू नका." त्यानं पेला पुढे केला. ताजा होता.

तिनं सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. पण दारात एक म्हातारेबुवा छत्री झटकत उभे राहिले, मग त्यांची बायको, मग फुटबॉल क्लबच्या बाकड्यावरची अख्खी मंडळी. पुढचे तीन तास लिओनोर नंबर लिहीत होती आणि तिच्या डाव्या कोपरापासून एक वीत अंतरावर बॅरोमीटर बसला होता. मध्येच त्यानं एक तोर्ता आणली, दोन तुकडे केले, मोठा तिच्यासमोर ठेवला. साखर तिच्या तुकड्यावर जास्त होती. वर्गात भिंतीवर प्रामाणिकपणाबद्दल मुलांनी काढलेलं एक चित्र होतं. तिनं दुसरीकडे पाहिलं.

चारच्या सुमारास ढग गडगडले, आणि दारातून एक ओला कुत्रा आत आला. कुणाला न विचारता तो रांगेच्या पुढे गेला, टेबलाखाली शिरला आणि लिओनोरच्या बुटावर हनुवटी टेकवून बसला. एक कान तपकिरी. एक पांढरा.

"पाम्पेरो," ती म्हणाली.

आन्सेल्मोही टेबलाखाली वाकला होता. तो वाकलेलाच राहिला.

"तुम्ही याला ओळखता?" त्यानं खालून विचारलं.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"चित्रावरून."

तो सावकाश वर आला. तिच्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं, दाब उतरताना काट्याकडे पाहतात तसं.

"तिसरा मजला."

"हो."

"बारा वाजल्यापासून माहीत होतं तुम्हाला."

"बारा वाजून पाच मिनिटांपासून. मी..."

"पोरांनो," सुल्माबाई म्हणाल्या, "माणसं उभी आहेत. आणि तो कुत्रा यादीत नसेल तर त्याला गप्प बसायला सांगा."

कुत्रा गप्पच होता. आन्सेल्मो नंबर वाचायचा, पण आता आवाजात तापमान नव्हतं. पेला एकदा सुल्माबाईंकडे आधी गेला. लिओनोरनं तो गेलेला पाहिला, आणि निवृत्तीचं वय, अनुदान, कालवे या सगळ्यांबद्दल तिला त्या क्षणी काहीही वाटेनासं झालं.

साडेसातला दार बंद झालं. पेटी फोडली, मोजणी झाली. त्यांच्या टेबलावर साठवाले त्रेपन्न मतांनी पडले. लिओनोर वाट बघत होती, तो काहीतरी बोलेल याची. त्यानं आकडा दोनदा तपासला आणि खाली सही केली.

"बोला की," ती म्हणाली. "जिंकलात."

"राजकारण बंद आहे."

"आता उठली बंदी," सुल्माबाई पेटी सीलबंद करत म्हणाल्या. "हवं तेवढं भांडा. पण बाहेर जाऊन. आणि हे घ्या." त्यांनी कागद बांधायची उरलेली सुतळी पुढे केली. "कुत्र्याला."

बाहेर पाऊस थांबला होता. दिवसभर बंद असलेले फोन सुरू केले तर ग्रुपवर दोनशे निरोप. गडगडाटाला घाबरून पाम्पेरो पळाला होता. वॉल्टरनं लिहिलं होतं : 'निकाल गेला खड्ड्यात, माझं कुत्रं शोधा.' त्याखाली एकशे चौदापैकी निम्मी माणसं मोकाट कुत्र्यांबाबत सरकारचं धोरण कुठे चुकलं यावर भांडत होती.

"आधी कळवा," आन्सेल्मो म्हणाला. "जीव टांगणीला लागला असेल त्याचा."

लिओनोरनं लिहिलं : 'सापडला. सुखरूप आहे.' मग फोन खाली घेतला. समोर रस्ता ओला, दिव्यांचा उजेड त्यात सांडलेला. पाम्पेरो सुतळी ताणून घराकडे ओढत होता.

"मला माफ करा," ती म्हणाली. "अकरा वेळा लिहून पुसलं. ते वाक्य खरं म्हणजे... मी बूटसुद्धा न काढता तुम्हाला उत्तरं देते, तीन वर्षं. माझी तरी घरी कोण वाट बघतंय?"

एक चौक गेला.

"मग ते तुमच्याबद्दल होतं तर," तो म्हणाला.

"दोघांबद्दल."

"आकडेवारी दुप्पट झाली." त्याचा आवाज परत आला होता, तो चुकीच्या अंदाजाचा शांत आवाज. "उद्या ग्रुप बंद होतोय. पाच दिवस रजाही आहे. भांडायची सवय एकदम सोडणं तब्येतीला बरं नसतं म्हणतात. मी म्हणत होतो... तिसऱ्या मजल्यावर आलो, पावणेसातला, तर चालेल? पाव मी आणतो. अख्खा."

लिओनोरला उत्तर येत होतं. पण त्यात खोडायचं काही नव्हतं, तीन वर्षांत पहिल्यांदाच. वितळलेल्या साखरेनं बोटं अजून चिकट होती. पावलं मोजत ते चालले. ती बोलेना, तशी त्याची मान हळूहळू हलायला लागली, समजूतदारपणे, गप्प राहण्याचा अर्थ या देशात ज्याला कळतो त्याची हलेल तशी.

तिनं रेनकोटच्या खिशात हात घातला आणि चुरगळलेली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

त्यानं ती दिव्याखाली उघडली. मोठ्या अक्षरांत, एकच शब्द.

"हा तर साठवाल्यांचा प्रचार आहे," तो म्हणाला.

"माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. वाच ना, जे लिहिलंय ते."

तिच्या तोंडून 'वाच' गेलं. दोघांनीही ते ऐकलं आणि कुणीच दुरुस्त केलं नाही. त्यानं चिठ्ठीची बारीक घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, पासष्टवाल्या माणसाच्या मानानं फारच जपून.

फोन वाजला. वॉल्टर विचारत होता : 'कुठे आहात? मी दारातच उभा आहे. किती वेळ?'

वॉल्टरचं दार पुढच्याच चौकात होतं. तिथून तो खोकला तरी ऐकू आलं असतं. आन्सेल्मोनं आभाळाकडे पाहिलं, अंदाज घेतला, आणि लिहिलं : 'येतोय. पाम्पेरो हळू चालतोय. पंधरा मिनिटं तरी लागतील.'

मग ते दोघं डावीकडे वळले, लांबच्या रस्त्यानं, आणि पाम्पेरो जिवाच्या आकांतानं उजवीकडे ओढत राहिला.