भिंतीच्या अलीकडे, पलीकडे

काडेपेटीएवढं ते यंत्र सेतुमाधवने ऊर्मीच्या टेबलावर ठेवलं आणि सरळ कान धरले.

“काल विसरून खिशातच घरी नेलो. अम्मा ओरडली — आधी ते देऊन ये, मग इडली, म्हणून!”

त्याची ती तंजावरी मराठी ऐकली की ऊर्मीला हसू आवरत नसे. पुण्याची ही मुलगी महिनाभर चेन्नईत गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात माणसं कुठे फिरतात, कुठे रेंगाळतात याचा नकाशा करत होती. येणाऱ्याला दारावर ठिकाण टिपणारं यंत्र द्यायचं, जाताना परत घ्यायचं. तो जिथे जिथे गेला तिथली निळी रेघ संगणकावर उमटायची. यंत्रं बरोबर चालतात ना, हे ताडून बघायला एक यंत्र तिच्याही कमरेला असे. तिची रेघ तांबडी.

पहिल्या शनिवारी सेतुमाधव घरची, वेलचेरीची बस चुकली म्हणून आत शिरला होता. त्यानंतर दर शनिवार-रविवार त्याची बस कशी चुकायची, देव जाणे! काळविटं बघायला आलेला हा गडी अर्धा वेळ टेबलापाशीच घुटमळायचा. आज मात्र शेवटचा रविवार होता. उद्या ऊर्मीची पुण्याची गाडी... आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप.

तिने यंत्र संगणकाला जोडलं. निळी रेघ दाराबाहेर पडली, वेलचेरीला गेली — आणि संध्याकाळी परत आली! उद्यानाच्या दाराशेजारच्या भिंतीला बाहेरून टेकून चाळीस मिनिटं तिथेच थांबली होती.

“काल पुन्हा आला होतात?”

“हे द्यायला आलो होतो.”

“मग दिलं का नाही?”

तो चपलेने माती उकरत राहिला. “दिलो असतो तर... आज यायला कारण काय होतं?”

आता या माणसाला काय म्हणावं! एवढ्यात तो पडद्यावर वाकला.

“ही तांबडी कोणाची? माझ्या रेघेला लागूनच आहे... भिंतीच्या आतून.”

तिने पडदा हाताने झाकला, पण उशीर झाला होता.

“माझी,” ती हळूच म्हणाली. “यंत्रं घ्यायची वेळ संपली होती. तरी वाटलं, तुम्ही यंत्र द्यायला याल... म्हणून थांबले.”

“चाळीस मिनिटं?”

“चाळीस.”

“अय्यो!” तो डोक्याला हात लावून हसला. मग त्याचं हसू ओसरलं. “उद्या तुम्ही जाल. पुण्याला यायला मी काय कारण सांगू?”

“मी आहे ना,” ऊर्मी म्हणाली. डोळे भरले होते, तरी तिने नजर हलवली नाही. “आणखी कशाला हवं कारण?”

संध्याकाळी निघताना त्याने आज दारावर घेतलेलं यंत्र आठवणीने टेबलावर ठेवलं.