आधी खांब कुणाचा?

"संस्कृती, चुना सांडू नको ना! मैदानावर रेघा माराच्या हायेत, रस्त्यावर नाही!"

अफ्रीन आज चालायचंच विसरली होती, ती नुसती पळत होती. तिच्यामागे चुन्याचं घमेलं सांभाळत संस्कृती आणि सायकलला सुतळीची गुंडाळी लटकवून हरीओम. दिवाळीची सुट्टी संपायला आली होती, आणि परवा, रविवारी, गावात पहिल्यांदाच मुलींचे खो-खोचे सामने होणार होते. केनवडच्या पोरी येणार, धनजच्या येणार, किन्हीराजाच्याही येणार!

पण किन्हीराजाचं काम अवघड होतं. तिथल्या विजयमालाचे बाबा तिला पाठवायला तयारच नव्हते. कसेबसे राजी झाले, तेही वर बजावून. "एक डाव पाठवतो. तिथं काही घोळ झाला अन् पोरी ताटकळल्या, तर पुन्हा खेळाचं नाव काढाचं नाही!" अफ्रीनने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, मैदान पक्कं हाये. माही जबान हाये!"

मैदानाच्या फाटकातून आत शिरले आणि तिघंही जागीच थबकले. जिकडेतिकडे मांडवाच्या लाकडी बल्ल्या! मधोमध आकाशपाळण्याचा लोखंडी सांगाडा!

"अन् आपले खांब कुठं गेले?" हरीओम किंचाळला.

सोमवारी त्यांनी स्वतः रोवलेले खो-खोचे दोन्ही खांब गायब होते. उरले होते नुसते दोन खड्डे. अफ्रीनच्या अब्बांनी, मेहबूब मिस्त्रींनी, ते चार दिवस घासूनपुसून तयार केले होते. मातीत जाणाऱ्या टोकाला तिघांनी तेलरंगाने आपापली नावं आणि तारीखही लिहिली होती.

"ए पोट्टेहो, बाजूले व्हा!" मेळ्याचे मालक जगदेवशेठ सुपारी कातरत आले. "उद्यापासून आनंद मेळा हाये इथं."

"पण आमी अर्ज देला हाये, काका! परवा आमचे सामने हायेत!"

"अर्ज?" जगदेवशेठ पोट धरून हसले. "अवं पोरी, बल्ल्या कोनाच्या पडल्या? माह्या! ज्याच्या बल्ल्या पहिले, त्याचं मैदान. कोनालेही इचार!"

विचारायची गरज नव्हती. लग्न असो, सभा असो, नाहीतर भागवत सप्ताह, गावात सगळे असंच करत. आदल्या दिवशी चार बल्ल्या आणून टाकायच्या, की मैदान आपलं!

"चला नगरपंचायतीत!" अफ्रीन सायकलच्या कॅरिअरवर चढलीसुद्धा.

तिथे मैदानाचं काम बघणारे रवीभाऊ एका हाताने कचोरी खात होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होते.

"मैदान मेळ्याले गेलं," मान वर न करता ते म्हणाले.

अफ्रीनने पोचपावती टेबलावर ठेवली. "पंधरा दिवस झाले. सरांची सही हाये, शाळेचं पत्र हाये, पोलीस ठाण्याची परवानगीबी जोडली हाये. आमचा अर्ज कुठं हाये?"

रवीभाऊंनी खालच्या खणातून फाइल काढली. "हा काय. मुख्याधिकारी मॅडमपुढं ठेवणारच होतो. पण काल बल्ल्या दिसल्या. म्हटलं, आता ठेवून काय फायदा?"

"मंग मेळ्याचा अर्ज दाखवा."

रवीभाऊंनी रजिस्टर उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. कचोरी हातातच राहिली.

"असंन ना कुठंतरी! बल्ल्या पडल्या म्हणजे मॅडमनं परवानगी देलीच असंन!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्जच नाही! शेठना वाटलं, कोणी हटकलं नाही म्हणजे परवानगी झाली. रवीभाऊंना वाटलं, बल्ल्या पडल्या म्हणजे परवानगी झाली. आणि परवानगी कुणी दिलीच नव्हती!

"मॅडम कुठं हायेत?"

"वाशिमले मीटिंगमंदी. चार वाजता येतीन."

चार! अजून बाराही वाजले नव्हते. अफ्रीन पायरीवर बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली. विजयमालाच्या बाबांचा फोन आला तर काय सांगायचं? तिला रडूच फुटायला आलं.

"अवं, तू एका जागी बस ना! मलेच चक्कर येऊन राह्यली!" संस्कृती म्हणाली.

"चला, खांब तरी शोधू!"

मैदानावर मेळ्याची तिकीट खिडकी उभी राहिली होती. दोन खुंटांवर आडवी फळी, वरून झगमगीत लाल कापड. अफ्रीनने कापडाखाली हात घालून खुंट चाचपला. मांडवाची बल्ली हाताला बोचते. हे लाकूड गुळगुळीत होतं. अब्बांचा हात फिरलेलं लाकूड तिला डोळे मिटूनही कळलं असतं.

"सापडले?" हरीओमने विचारलं.

"चूप! एक शब्द बोलू नको. मॅडम येऊ दे."

मुख्याधिकारी वैजयंती मॅडम सव्वाचारला आल्या. त्यांनी पोचपावती पाहिली, रजिस्टर पाहिलं आणि रवीभाऊंना सोबत घेऊन तडक मैदान गाठलं.

"शेठ, परवानगी कुठं आहे?"

"मॅडम, आमच्या गावची रीतच हाये..." जगदेवशेठ चाचरले.

"हो काका, सांगा ना मॅडमले रीत!" अफ्रीन पुढे झाली. "ज्याच्या बल्ल्या पहिले, त्याचं मैदान. बरोबर?"

"बरोबर!"

"अन् बल्लीच्या जागी खांब असला तर?"

"बल्ली काय अन् खांब काय, एकच! जो पहिले, तो पहिले!"

"तुमच्या बल्ल्या कधी पडल्या?"

"काल. बाजाराच्या दिवशी."

"हरीओम, काढ!"

हरीओमने लाल कापड ओढलं. संस्कृतीने फळी उचलली. तिघांनी मिळून एक खुंट हलवून हलवून उपसला आणि अफ्रीनने आपल्या ओढणीने माती पुसली. निळ्या तेलरंगात नावं होती: अफ्रीन, संस्कृती, हरीओम. खाली सोमवारची तारीख!

जगदेवशेठचा अडकित्ता उघडाच राहिला. "बल्ल्यांची गाडी आत घ्याले आडवे येत होते, म्हणून माणसाइनं उपटले... मले काय मालूम!"

मॅडमना हसू आवरेना. "शेठ, तुमच्या रीतीनंही तुम्ही हरलात! आणि माझ्याकडं रीत एकच, अर्ज. तो एकच आलाय. रवी, फाइल आण!"

त्यांनी तिकीट खिडकीच्या फळीवरच सही ठोकली. "शेठ, मैदान आजच मोकळं करा. मेळा सोमवारपासून. तोही अर्ज देऊन. मुलांनो, इतकी वर्षं आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही केलंत. शाब्बास!"

अफ्रीनला हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं.

रविवारी मैदान फुलून गेलं. प्रेक्षकांसाठी जगदेवशेठनी आपल्याच बल्ल्यांचा मांडव घालून दिला, आणि "घ्या, माह्या बल्ल्या कामी आल्या!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिले. किन्हीराजाच्या पोरी अंतिम सामना हरल्या, अवघ्या एका गुणाने. विजयमाला धुळीने माखून बाहेर आली. तिचे बाबा उठून सरळ, गुण लिहायला बसलेल्या रवीभाऊंच्या टेबलाकडे निघाले. अफ्रीन त्यांच्यामागे पळाली.

"साहेब," ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचा अर्ज कुठं देवा लागते? ह्या पोरीले तो एक गुण वापस घ्याचा हाये!"